उजव्या हाताला, जरा मागं

साल दोन हजार पाच. गाव केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना.

वेळ रात्रीची नाही. दुपारी दीड ते दोन.

हे आधीच सांगून ठेवते, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावास्या आणि पिंपळ शोधायला लागतात. मला रचून सांगायचं असतं तर मीही ते घातलं असतं. पण इथे आहे एक टीव्ही, त्याला जोडायचा गेम, कानाला लावायचा एक भारी हेडफोन आणि दोन मुठी कापूस. बस.

हे घडलं नंदाबाईच्या घरात. नंदाबाई माझी चुलतबहीण, माझ्याहून वीस वर्षांनी धाकटी. तिनं हे सगळं माझ्यासमोर बसून सांगितलं. सांगताना तीन वेळा उठून साबणानं हात धुऊन आली.

तिला लहानपणापासूनच किळस फार. दुसऱ्यानं तोंड लावलेल्या तांब्यातून पाणी प्यायची नाही. कुणी शेजारी बसून नाक शिंकरलं की ताटावरून उठायची. आमच्या आईसाहेब म्हणायच्या, ह्या पोरीचं सासरी कसं व्हायचं.

सासर तसं चांगलं होतं. नवरा बद्रीनाथ. राजूरला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याच्या कानाचं नाव भोकरदनपर्यंत होतं. कुणी बिघडलेला रेडिओ आणला की बद्रीनाथ तो उघडायचा नाही. बटण फिरवायचा, डोळे मिटून खरखर ऐकायचा आणि आत काय गेलंय ते सांगायचा. मग उघडायचा. तेच निघायचं. हातातलं हत्यार चोरीला गेलं तर नवं घेता येतं, म्हणायचा, कान गेला तर दुकानाला कुलूप.

दुकानाशेजारचा मुनीर त्याचा जुना दोस्त. तो जेद्दाला कामाला होता. दोन हजार चारच्या दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा त्यानं एक गेम आणला होता, टीव्हीला जोडायचा. सोबत एक चपटी काळी डबी आणि जाडजूड हेडफोन. इथल्या कमी-जास्त लाईटनं पहिल्याच दिवशी डबी जळली. मुनीर म्हणाला, "बद्रीभाई, दुरुस्त करून वापर. पुढच्या बारीला आलो की घेऊन जाईन."

त्या डबीपायी बद्रीनाथ महिनाभर वेडा झाला होता.

त्यानं नंदाबाईला समजावून सांगितलं होतं. टीव्हीचा आवाज येतो तो नुसता समोरून. पण गेमच्या आत आवाज पाच बाजूंचे भरलेले असतात. एक समोरचा, दोन पुढचे डावे-उजवे, दोन मागचे डावे-उजवे. एका बारीक तारेतून, जिच्या टोकाला लाल उजेड दिसतो, ते सगळे ह्या डबीत येतात. डबी ते असे कालवते, की कान दोनच असले तरी माणसाला वाटावं, आपण मधोमध उभे आहोत आणि जग चारी बाजूंनी वाजतंय.

डबी सुरू झाली त्या दिवशी त्यानं मधल्या खोलीत टीव्हीसमोर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, नंदाबाईला बसवलं आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवला.

गेममध्ये एक जंगल होतं. त्यातून एक माणूस चालायचा. समोर नदी. बद्रीनाथनं रिमोटवरचा खटका सरकवला, माणूस वळला आणि नदीचा आवाज नंदाबाईच्या डाव्या कानाजवळून सरकत सरकत पाठीमागे गेला.

तिनं दचकून मागे पाहिलं.

मागे नदी नव्हती. उजव्या हाताला, जरा मागे, तिच्या सासूची खाट होती.

सासू झुंबरबाई. दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेल्या. कंबर गेली होती आणि उजवा कान फुटला होता. कानातून पिवळा पू यायचा, गालावरून मानेत उतरायचा. कानात कापसाचा बोळा घालून ठेवायचा, तो दोन तासांनी बदलायचा. खाटेखाली राखेचं वाडगं. त्यात बेडका. नंदाबाई हे सगळं करायची. श्वास कोंडून, तोंड फिरवून, पण करायची. झुंबरबाईंच्या ते ध्यानात यायचं. "कान माझा वाहून राह्यला, नंदे," त्या म्हणायच्या, "तुझं नाक का वर चढून राह्यलं?"

आणि पाणी. दुपारभर पाणी.

"नंदे… पाणी."

दोन घोट प्यायच्या, बाकीचं अंगावर सांडायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा.

बद्रीनाथ उन्हाचं दुकान बंद करून एकला घरी यायचा. जेवायचा, हेडफोन लावायचा, आणि दोनला लोडशेडिंगची लाईट जाईपर्यंत त्या जंगलात फिरायचा. आईची हाक त्याच्या कानापर्यंत पोचायची नाही. हाकेला उठायची ती नंदाबाई.

होळी झाली आणि अंगारकी आली.

अंगारकीला राजुरात पाय ठेवायला जागा नसते. बद्रीनाथ पहाटेच दुकानावर गेला, दुपारी येणार नव्हता. नंदाबाईचा उपास. सकाळी डोक्यावरून आंघोळ करून तिनं पूजा केली. दहा वाजता झुंबरबाईंना पाणी पाजलं, त्यांनी ते खोकल्यासरशी बेडक्यासकट तिच्या पदरावर काढलं. तिनं पुन्हा आंघोळ केली. एक वाजता पुन्हा तेच झालं. ह्या खेपेला तिच्या हातावर आणि गळ्यावर.

ती तिसऱ्यांदा आंघोळ करून आली.

"नंदे… पाणी. घसा वाळला गं."

"आलेच," ती म्हणाली.

आणि टीव्ही लावला. गेम लावला. खुर्चीत बसली. हेडफोन कानांवर ओढून घेतला.

एक मिनिट बसते, एवढंच तिच्या मनात होतं. नदी वाजायला लागली. समोर पाणी, डावीकडे पाणी, मागे पाणी. पक्षी. ओली पानं. तिला खेळता येत नव्हतं, ती नुसती खटके दाबत राहिली. डाव्या हातातली चांदीची पाटली ढिली होती, ती रिमोटवर वाजत होती. कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटलं.

बरोबर दोनला लाईट गेली. कानातली नदी एकदम आटली.

तिनं हेडफोन काढला.

खोलीत आवाज नव्हता. हाक नव्हती. खोकला नव्हता. श्वासाची ती घरघरही नव्हती…

झुंबरबाईंचा एक हात खाटेबाहेर आला होता. बोटं तिच्या खुर्चीच्या दिशेला होती.

तिनं लोकांना सांगितलं, आत्याबाई झोपेतच गेल्या. बद्रीनाथलाही तेच सांगितलं.

आता कापसाचं सांगते.

आमच्याकडे माणूस ज्या अंथरुणावर जातं ते घरात ठेवत नाहीत. नदीकाठी नेऊन टाकतात, कुणी हात लावत नाही. झुंबरबाईंची गोधडी, वाकळ, उशी, सगळं पूर्णेकाठी गेलं.

फक्त उशीत जो कापूस होता, तो गेला नाही.

तो सावरीचा होता. त्यांच्या बांधावर एक सावर होती, झुंबरबाई दर वर्षी तिची बोंडं वेचायच्या, सरकी हातानं काढायच्या. झाड पडलं, तसा कापूस पुन्हा मिळाला नाही. नंदाबाईनं उशी फाडली. खोळ डागाळलेली, तिला चिमटीत धरून तिनं आत चिंध्या भरल्या, शिवली आणि नदीला पाठवली. कापूस पांढरा स्वच्छ होता. पाच दिवस माळवदावर उन्हात ठेवला आणि पोत्यात भरला. एवढी किळस येणाऱ्या बाईला त्याची किळस कशी आली नाही, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, पांढरा होता गं अक्का. बर्फासारखा.

चैत्रात बद्रीनाथनं पुन्हा हेडफोन बाहेर काढला. घामानं त्याच्या गाद्या फुटल्या होत्या. लावला की काळे पापुद्रे कानाला चिकटायचे, जळलेल्या कातडीसारखे.

त्याच दिवसांत टेंभुर्णीचा महेमूद पिंजारी गावात आला होता, पिंजण खांद्यावर घेऊन. बद्रीनाथनं त्याला हेडफोन दाखवला. ह्याला नव्या गाद्या शिवशील का? महेमूद हसला, म्हणाला, आजवर माणसाच्या डोक्याखाली उशा दिल्या, आता दोन्ही बाजूंना देतो. त्यानं काळं मखमली कापड कापलं आणि आत भरायला काहीतरी मऊ मागितलं.

नंदाबाईनं पोत्यातून दोन मुठी सावर काढून दिली.

महेमूदनं ती बोटांत चोळली. "भाभी, अशी सावर आता दिसत न्हाई. एक चिमूट मला घेऊ का? फाया करतो."

त्याच्या कानात नेहमी अत्तराचा फाया असायचा. त्यानं जुना काढून टाकला, नवा वळला, खिशातल्या शिशीतलं अत्तर लावलं आणि उजव्या कानात खोचला.

बद्रीनाथनं हेडफोन लावून पाहिला आणि खूश झाला. म्हणाला, पहिल्यापेक्षा चांगला वाजतो. मागचं तर आता बिलकुल साफ येतं.

हे पहिल्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं सहज सांगितलं, की ह्या गेममध्ये एक नवा आवाज सापडला. इतके दिवस कसा ऐकू आला नाही कोण जाणे. उजव्या हाताला, जरा मागं. काहीतरी करकरतं.

"लाकूड?" नंदाबाईनं विचारलं.

"बाज हलल्यावानी," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो खेळता खेळता एकदम थांबला. हेडफोन काढून मागे बघितलं. मागे आता खाट नव्हती. गव्हाची दोन पोती होती. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा काढला.

त्या दिवशी त्यानं नंदाबाईला काही सांगितलं नाही. नुसतं तिच्या हातांकडे बघितलं.

मग त्यानं त्याच्या धंद्याची रीत लावली. आवाजात दोष असला की तो कुठून येतो ते हुडकायचं. त्यानं हेडफोन उलटा लावला, उजवी गादी डाव्या कानावर. नदी उलटी झाली. पक्षी उलटे झाले.

तो एक आवाज उलटा झाला नाही. उजव्या हाताला, जरा मागंच राहिला.

त्यानं खुर्ची फिरवली. हेडफोन डोक्यावर असला की आवाज डोक्याबरोबर फिरतो, ही साधी गोष्ट आहे. नदी त्याच्याबरोबर फिरली. पण तो आवाज फिरला नाही. खुर्ची पोत्यांकडे तोंड करून ठेवली, तेव्हा तो समोरून यायला लागला. पोत्यांमधून.

नंदाबाई दारातून हे बघत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं. तिला वास येत होता.

कुजका, गोडसर, कोमट. तो वास ती विसरणं शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं हेडफोन उचलून पाहिला. उजव्या गादीची मखमल ओली होती. घाम असेल… तिनं बोट लावलं. बोट चिकटलं. सुटताना तार निघाली. पिवळी.

तिनं हात राखेनं घासला, साबणानं धुतला, पुन्हा राखेनं घासला. ताटावर बसली आणि उठून मोरीत उलटी केली.

बद्रीनाथचा उजवा कान दुखायला लागला. चार दिवसांनी वाहायला लागला. ती त्याला जालन्याला घेऊन गेली. डॉक्टरनं थेंब दिले, पडदा सुजलाय म्हणाले, आणि कानाला काही लावू नका, नाहीतर कान हातचा जाईल, असं बजावून सांगितलं. वाटेत बसमध्ये नंदाबाईनं त्याच्या मिनतवाऱ्या केल्या. कान म्हणजे आपली भाकरी आहे, एवढं ऐका. तो खिडकीबाहेर बघत हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला तो पुन्हा खुर्चीत होता. कानाला हेडफोन. मानेवरून पिवळा ओघळ. तो पुसतही नव्हता.

दोनला लाईट गेली. टीव्ही काळा झाला. डबीचा लाल उजेड विझला.

बद्रीनाथ उठला नाही.

तो तसाच बसून राहिला. काळ्या टीव्हीसमोर. मधूनच मान हलवत होता. कुणाचं तरी ऐकून घेताना हलवतात, तशी.

नंदाबाई उंबऱ्यातच थिजली. अर्धा तास. पाऊण तास. स्वयंपाकघरात चुलीवरचं पाणी उतू गेलं, तिला कळलं नाही.

असे आठ दिवस गेले. दुकानात लोक रेडिओ आणायचे, बद्रीनाथ बटण फिरवायचा, डोळे मिटायचा, आणि मुकाट पेचकस घेऊन उघडायला लागायचा. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची.

नवव्या दिवशी दुपारी त्यानं तिला हाक मारली.

"नंदा, हिकडं ये. बैस."

तो खुर्चीतून उठला. तिला बसवलं. तिला कळत होतं तो काय करणार आहे. तिचे हात वर आले, पण त्यानं ते हळूच खाली केले आणि ती ओली, चिकट गादी तिच्या कानावर टेकवली. कोमट. ती गादी कोमट होती, नुकतंच कुणीतरी गाल ठेवून उठल्यासारखी.

आधी नदी आली. पक्षी. ओली पानं.

मग…

उजव्या हाताला, जरा मागं, बाज करकरली.

खाकरणं. घशातून वर येऊन अडकलेलं, पुन्हा खाली गेलेलं.

"नंदे…"

तिनं डोळे मिटले.

"नंदे… पाणी. घसा वाळला गं."

तिनं हेडफोन ओरबाडून काढला. तिच्या कानाच्या पाळीला आणि गादीला जोडणारी एक तार लोंबली आणि तुटली. बद्रीनाथ समोर उकिडवा बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आईचा आवाज आला?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

"अन् दुसरा?"

"दुसरा कोनता?"

"ह्या खुर्चीतला." त्यानं खुर्चीच्या हातावर बोट ठेवलं. "आई तिकडं मागं. अन् हितं कोन तरी बसेल हाय. श्वास घेऊन राह्यलं. आई पाणी मागती, अन् ह्याच्या हातातली पाटली वाजून राह्यली. टक… टक. आई पुन्हा मागती. हे उठत न्हाई."

नंदाबाईचा डावा हात आपोआप पदराआड गेला.

पाटली वाजली. टक.

ती म्हणाली, "मी व्हते."

"म्हाईत हाय."

"कवापासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. वाट बघून राह्यलो, तू सांगशील म्हणून."

ती रडायला लागली. तो म्हणाला, "रडू नको. मी तरी काय करत व्हतो? जेवलो की हे कानाला लावत व्हतो. तुला वाटलं, गेमसाठी? तिची हाक ऐकू येऊ नये म्हणून. तू एक दिवस लावला, मी रोज लावला. आता ती बोलती, मी ऐकतो. ऐकायचं राहून गेल्तं."

त्यानं हेडफोनसाठी हात पुढे केला. त्याच्या उजव्या कानातून एक थेंब सुटून खांद्यावर पडला.

तेव्हा नंदाबाईनं त्याला कापसाचं सांगितलं. उशी, चिंध्या, पोतं, दोन मुठी. सगळं.

तिला वाटलं, तो हेडफोन झिडकारील. तो नुसता थोडा वेळ त्या गाद्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मंग तर ती हितंच हाय. राहू दे."

"न्हाई राहू द्यायची," नंदाबाई म्हणाली.

तिनं त्याच्याच हत्यारांतली ब्लेडची पाती उचलली आणि उजव्या गादीची शिवण उसवली.

मी तिला विचारलं होतं, तुझ्यानं कसं झालं ते. ती म्हणाली, डोळे उघडे ठेवून केलं. त्या दिवशी तोंड फिरवलं होतं ना, म्हणून आज फिरवायचं नाही ठरवलं.

तिनं आत बोटं घातली.

पांढरा कापूस आत नव्हता. पिवळा, हिरवट, लिबलिबीत गोळा होता. पिळला तर निथळेल इतका ओला. त्याच्यात एक लांब पांढरा केस गुंडाळलेला. तिनं ओढला, तो येतच राहिला, येतच राहिला, वीतभर, हातभर… आणि शेवटी त्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा कापसाचा एक वेगळा, घट्ट वळलेला बोळा निघाला. कानात घालतात तसा. दर दोन तासांनी ती जसा वळायची, अगदी तसा. तिच्याच हातचा.

तिनं बोळा बाजूला ठेवला. मग डावी गादी उसवली.

सगळं एका पातेल्यात भरून, ते सावरीचं पोतं डोक्यावर घेऊन ती भर उन्हात पूर्णेवर गेली. वैशाखात नदीला धार नसते, पुलाखाली एक डोह उरलेला असतो. तिनं पोतं रिकामं केलं. कोरडी सावर पाण्यावर पांढरी पसरली, वाऱ्यानं हलत राहिली. मग तिनं पातेलं ओतलं.

त्या दोन मुठी दगडासारख्या बुडाल्या.

तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि त्या जागेवर सोडलं. किती वेळ सोडत होती ते तिला आठवत नाही. गुराख्यानं सांगितलं, बाई दिवस कलेपर्यंत तिथेच वाकलेली होती.

घरी आली तेव्हा बद्रीनाथ हेडफोन उघडून बसला होता. तारा चांगल्या होत्या. डबी चांगली होती. लाईट होती, टीव्हीवर तो माणूस जंगलात चालत होता.

हेडफोनमधून काहीच येत नव्हतं. आई नाही, नदीही नाही. तो पुन्हा कधीच वाजला नाही.

मुनीर पुढच्या वर्षी आला. हेडफोन मेला म्हटल्यावर हसला आणि गेम न्यायचं विसरला. मग तो तिकडेच राहिला.

बद्रीनाथचा उजवा कान गेला. डाव्या कानानं दुकान वर्षभर चाललं, मग त्यानं कुलूप लावलं आणि शेती धरली. माणूस अजून आहे, तब्येतीनं धड आहे. फक्त जेवायला बसला की उजव्या बाजूला कुणालाही बसू देत नाही. आणि दुपारी कधी कधी, त्या बहिऱ्या बाजूला मान वळवून म्हणतो, "आलो."

महेमूद पिंजारी त्या वर्षी पुन्हा फिरकला नाही. रमजानचा महिना होता, एके दुपारी त्याची बायको अकबरबी टेंभुर्णीहून आली. ओसरीवर बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "भाभी, एक गोष्ट पुसू का? आमचे इनो म्हणतात, उजव्या कानात कोन तरी म्हातारी पानी मागती. भर रोज्याच्या दुपारी. फाया काढून फेकला, तरी बी मागती."

अकबरबी जवळ सरकली.

"नाव घेऊन मागती. नंदे, म्हणती. आमच्या मोहल्ल्यात तर नंदा कोन बी न्हाई." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिनं विचारलं, "भाभी… तुमचं नाव काय?"

नंदाबाई उठली आणि तांब्या भरून आणला. अकबरबीचा रोजा होता. तिनं तांब्या हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि न पिता खाली ठेवला.

महेमूद दोन वर्षांनी गेला. अकबरबी पुन्हा केदारखेड्याला आली नाही.

नंदाबाई आता साठीच्या जवळ आली. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. तिचा उजवा कान वाहत होता. डॉक्टरनं औषध दिलंय, कापसाचा बोळा घाल म्हणून सांगितलंय. कापूस खुंटीवरच्या पिशवीत होता, निळ्या कागदातला, नवा, न उघडलेला.

माझ्याशी बोलता बोलता तिच्या गालावरून ते खाली उतरत होतं. लहानपणी दुसऱ्याच्या तांब्याला तोंड न लावणारी ही माझी बहीण. मला बघवेना. मी म्हटलं, अगं, कानात घाल काहीतरी.

तिनं ते तळहातानं पुसलं. हात पदराला पुसला.

"न्हाई अक्का," ती म्हणाली. "एकदा कान झाकला व्हता. आता वाहू दे."